वनहक्काचा दावा कसा लिहायचा, आणि आजाच्या पेटीतल्या दंडाच्या पावत्या का जपायच्या

फॉर्म भरायला बसलात की आधी एक ठरवून टाका, 'अतिक्रमण' हा शब्द कुठंच लिहायचा नाही. अर्जात नाही, ग्रामसभेच्या ठरावात नाही, म्हाताऱ्यांच्या जबाबात तर अजिबात नाही. आमच्या पालघरच्या डोंगरपट्ट्यात मी बरीच वर्षं पाड्यापाड्यावर लोकांचे दावे लिहून देतो, आणि दर वेळी कोणीतरी समोर येऊन बसतं आणि सवयीनं म्हणतं, "लिही भाऊ, माझं दोन एकर अतिक्रमण आहे." मी पेन खाली ठेवतो. ज्या जमिनीत पणज्यानं नागली पेरली, जिच्या बांधाचे दगड आजीनं डोक्यावर वाहिले, तिला अतिक्रमण म्हणायचं आपल्याला शिकवलं कोणी? कायदा तसं म्हणत नाही. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांचा २००६ चा जो कायदा आहे त्याच्या प्रस्तावनेतच सरळ लिहिलंय की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, त्यांचे हक्क आधीपासून होते, फक्त त्यांची नोंद झाली नव्हती. म्हणजे तुम्ही सरकारकडं जमीन मागत नाही आहात, जे होतं त्याची नोंद मागताय. अर्जातलं प्रत्येक वाक्य या बाजूनं लिहायचं, मग भाषा आपोआप बदलते.

आता थोडं मागचं सांगतो, कंटाळा करू नका, प्रांतसाहेबांसमोर उभं राहिल्यावर हेच कामी येतं.

इंग्रजांना रेल्वेच्या रुळाखाली टाकायला स्लीपर पाहिजे होते आणि जहाजांना साग पाहिजे होता. १८६४ ला त्यांनी वनखातं काढलं, १८६५ ला पहिला वन कायदा केला, आणि १८७८ च्या कायद्यानं जंगलाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले. आता हे नीट बघा. जंगल राखीव करायच्या आधी ते नोटीस काढायचे की ज्याचा काही हक्क असेल त्यानं दावा करावा. आजही लागू असलेल्या १९२७ च्या कायद्यात हे कलम ६ मध्ये आहे, किमान ३ महिन्यांची मुदत, नोटीस स्थानिक भाषेत, सगळं कागदावर व्यवस्थित. आणि कलम ९ म्हणतं की ज्या हक्काचा दावा आला नाही आणि चौकशीतही जो कळला नाही तो हक्क संपला. आमच्या वारली, कातकरी, ठाकर, कोकणा माणसानं ती नोटीस वाचली असेल का? अक्षरओळख नाही, तालुक्याचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर, आणि जंगल कोणाच्या तरी मालकीचं असतं हा विचारच ज्याच्या डोक्यात नाही तो दावा कसला करणार. पेरणी चालू असताना हक्क संपला आणि कसणाऱ्याला पत्ताही नाही.

मग राब. आमच्याकडं पावसाच्या आधी भाताच्या नि नागलीच्या रोपासाठी जमीन भाजतात, झाडाच्या डहाळ्या, पाचोळा, शेण, गवत थरावर थर रचून पेटवतात, त्या राखेत रोप जोमानं येतं. डहाळी तोडायला बंदी आली की राब संपला आणि राब संपला की शेती आटपली. ठाणे-कुलाब्याकडून (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) याच्या इतक्या तक्रारी झाल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यावर कमिशन नेमावं लागलं. पण कायदा राहिला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात चिरनेरला लोक गोळ्या खाऊन मेले ते याच जंगलासाठी. स्वातंत्र्य आलं, गार्डच्या टोपीवरचा बिल्ला बदलला, कायदा १९२७ चाच. माझ्या आजाला स्वतंत्र भारतात याच कायद्याखाली दंड झालाय, लाकडाचा नांगर जप्त झालाय, कोंबडी गेलीय ती वेगळीच.

आजाची एक पत्र्याची पेटी होती. आजा गेल्यावर उघडली तर आत एक धोतर, तंबाखूची डबी आणि सुतळीनं बांधलेलं पावत्यांचं पुडकं. कडा उंदरानं खाल्लेल्या, शाई जांभळी होऊन पसरलेली, पण तारीख दिसते, आजाचं नाव दिसतं (चुकीचं लिहिलेलं), गावाचं नाव दिसतं, आणि कारण लिहिलंय, राखीव वनात विनापरवाना नांगरट. आजा शाळेत गेला नव्हता, त्या कागदावर काय आहे हे त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं एक पण फेकला नाही. आई म्हणाली चुलीत घाल, पुन्हा कोणी बघितलं तर पकडतील. मी म्हटलं आई, हेच तर पाहिजे. सरकारनं स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून दिलंय की अमुक तारखेला हा माणूस इथं नांगर धरून उभा होता. याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठून आणणार?

तेव्हा पहिलं काम, घर धुंडाळा. पेट्या, माळ्यावरचे डबे, देवाच्या मागचा कोनाडा, कुडाच्या भिंतीत खोचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. दंडाच्या पावत्या, गुन्हा नोंदीचा कागद, जप्तीची यादी, एकसाली प्लॉट (वर्षाच्या बोलीवर कसायला दिलेली जमीन) किंवा दळीचा (डोंगरउतारावर कसायला दिलेल्या जमिनीचा) जुना कागद असेल तर तो, घरपट्टीची पावती, जुनं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, काहीही. वाचता येत नाही म्हणून फेकू नका. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढा, दोन झेरॉक्स मारा, आणि मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, अगदी ओळखीच्या माणसाच्या पण नाही. आमच्या पाड्यावरच्या एका काकानं मूळ पावत्या ऑफिसात जमा केल्या, पोच घेतली नाही, नंतर तिथले म्हणाले तुमचं काही आलंच नाही. काका तीन वर्षं खेटे घालत होता.

दावा कोण करू शकतं. अनुसूचित जमातीचा माणूस असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात पाहिजे आणि माणूस मुख्यतः तिथंच राहणारा, जंगलावर जगणारा पाहिजे. आदिवासी नसलेले, म्हणजे आपल्याकडचे कुणबी, आगरी वगैरे शेजारी, ते पण करू शकतात, त्यांना त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं त्या भागात राहून जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. तोच प्लॉट ७५ वर्षं कसला पाहिजे असं नाही, इथं भरपूर लोकांना चुकीचं सांगून परत पाठवलंय. एका कुटुंबाला जास्तीत जास्त ४ हेक्टर म्हणजे साधारण १० एकर मिळतं, पण तेवढं मिळतंच असं नाही, जेवढं खरंच ताब्यात आहे तेवढंच. पट्टा, म्हणजे हक्क मंजूर झाल्याचा कागद, नवराबायको दोघांच्या नावावर, बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. वारसानं पुढं जातो, विकता येत नाही, आणि हे विकता येत नाही ते बरंच आहे. सावकारानं आमच्या लोकांच्या जमिनी अंगठ्यावर कशा घेतल्या आणि मग त्याच जमिनीवर वेठ कशी करायला लावली हे तलासरी-डहाणूकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, १९४५ चा वारल्यांचा उठाव त्यातूनच झाला.

फॉर्म ३ आहेत. फॉर्म ए वैयक्तिक शेतीचा आणि घराचा, फॉर्म बी गावाच्या सामूहिक हक्कांचा म्हणजे चराई, मोह, मासे, पाणी असं, आणि फॉर्म सी गावाच्या पूर्ण जंगलाचा. मराठी छापील नमुन्यावर अक्षरं वेगळी असू शकतात म्हणून वरचं शीर्षक वाचा. फॉर्म फुकट असतो, कोणी ५० रुपये मागितले तर देऊ नका. आणि दावा तहसील ऑफिसात किंवा रेंज ऑफिसात द्यायचा नसतो, तो आपल्या ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीकडं द्यायचा. समिती १० ते १५ जणांची, त्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश बाया. तुमच्या गावात समिती फक्त कागदावर असेल, अर्धे मेंबर वारलेले असतील (आमच्याकडं हेच होतं) तर आधी ग्रामसभा लावून नवी निवडा. पाचव्या अनुसूचीच्या भागात (राज्यघटनेखाली आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा बसू शकते, पाच पाड्यांची ग्रामपंचायत असेल तर पाचांनी एकत्र यायची गरज नाही, त्यामुळं हे काम सोपं होतं.

कोणी म्हणालं मुदत संपली तर शांतपणे विचारा, कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा. ग्रामसभा दावे मागवते तेव्हा ३ महिने देते आणि कारण लिहून ती मुदत वाढवू पण शकते, पण या कायद्यात हक्क संपायची कुठली शेवटची तारीख नाही. इंग्रजाच्या नोटिशीत आणि यात हाच फरक आहे, तेव्हा दावा ऐकणारा साहेब होता, आता आधी ग्रामसभा ऐकते.

पुरावे कमीत कमी २ लावायचे, मी चार-पाच लावतो. आणि इथं सगळ्यात महत्त्वाचं, कागद नसला तरी अडत नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. सरकारी कागद आहेतच, पण जमिनीवरच्या खुणा पण त्यात आहेत, घर, झोपडी, जमीन सपाट केलेली, बांध, बंधारा, विहीर, स्मशान, देवाची जागा. आणि दावा करणारा सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं खरं सांगतो. दीडशे वर्षं आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या शब्दाला कुठल्या ऑफिसात किंमत नव्हती आणि इथं कायद्यात लिहिलंय की त्यांचं बोलणं पुरावा आहे.

जबाब कसा घ्यायचा ते नीट सांगतो कारण इथंच लोक गडबड करतात. म्हाताऱ्या माणसाला "कुठल्या साली?" असं विचारू नका. तो घाबरून काहीतरी साल सांगेल, ते चुकेल आणि सगळा जबाब खोटा ठरवतील. त्याच्या हिशोबानं विचारा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? पाड्यावर शाळा झाली तेव्हा तिथं पेरत होते का? तुझं लग्न झालं तेव्हा तो प्लॉट कोण कसायचं? लाईट आली तेव्हा? मग त्याच्या उत्तरावरून तुम्ही साल काढा आणि जबाबात दोन्ही लिहा. साधारण असं लिहायचं:

"मी या पाड्याचा कायमचा रहिवासी आहे, वय अंदाजे ७८. ज्या जमिनीचा दावा केला आहे ती जमीन दावेदाराचा आजा कसत होता हे मी स्वतः पाहिले आहे. बहात्तरच्या दुष्काळात त्या जमिनीत वरई पेरली होती आणि आम्ही तिथे कापणीला गेलो होतो. वरच्या बाजूचा दगडी बांध दावेदाराच्या आजीने घातला. बांधालगत वाघदेव आहे, आम्ही पूर्ण पाडा त्याला दरवर्षी नारळ देतो. मी वाचून दाखवलेले ऐकले, ते बरोबर आहे."

खाली अंगठा, दोन साक्षीदार, तारीख, वनहक्क समितीच्या सचिवाची सही. बोलीत बोलला तर बोलीतले शब्द ठेवा, वरकस, माळ, खाचर, त्याचं शुद्ध मराठी करत बसू नका. आणि बायांचे जबाब घ्या. बांध कोणी घातला, रोप कोणी लावलं, राबासाठी डहाळ्या कोणी वाहिल्या हे बायांना पुरुषांपेक्षा जास्त आठवतं. माझ्या आजीनं शेजाऱ्याच्या दाव्यात जबाब दिला तेव्हा तिनं प्रत्येक बांध कुठल्या बाळंतपणाच्या आधी झाला त्यावरून सांगितला, आणि मी पोरांच्या जन्मतारखा लावून बघितल्या तर सगळं जुळलं.

आता नकाशा. समितीसोबत जमिनीवर जा, दावेदाराच्या घरचा एक माणूस, शेजारच्या चारी बाजूंचे कसणारे आणि एक म्हातारा माणूस सोबत पाहिजेच. सकाळी लवकर निघा, चैत्र-वैशाखात गवत वाळलेलं असतं तेव्हा बांध स्पष्ट दिसतात, पावसाळ्यात काही दिसत नाही. मोबाईलवर जीपीएसचं ॲप लावून कडेकडेनं चालायचं, कोपऱ्यावर थांबायचं, पॉइंट घ्यायचा, तिथला फोटो काढायचा. आणि मशीनवर भरवसा ठेवून कागदावरचं काम सोडू नका, कागदावर हातानं पण काढा, आंबा, मोहाचं झाड, ओहोळ, मोठा खडक, पायवाट, चतुःसीमा. आमच्या प्लॉटवर गेलो तेव्हा मशीन म्हणत होतं सव्वा एकर, आजी काठी टेकत वरच्या अंगाला गेली, कारवीच्या जाळीत वाकली आणि पायानं पाला सारला, खाली चार दगडांची रांग. "इथवर आपलं." तिथून पुढं आणखी १२ गुंठे होते. गार्डनं त्या भागात खड्डे खणून झाडं लावली म्हणून आम्हीच तो भाग सोडल्यासारखा झालेला. तो पण दाव्यात लिहिला, खड्डे कधी खणले ते पण लिहिलं.

सॅटेलाईटचा फोटो. ऑफिसात स्क्रीनवर हिरवा ठिपका दाखवतात आणि म्हणतात २००५ ला इथं शेती दिसत नाही, दावा नामंजूर. डोंगरावरची नागली-वरई कधी दोन वर्षं करतात, कधी पड टाकतात, बांधावर झाडं ठेवतात, वरून ते जंगलच दिसणार. २०१२ च्या नियम दुरुस्तीत स्पष्ट आहे की असं तंत्रज्ञान बाकी पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतं, त्यांच्या जागी नाही. हे वाक्य पाठ करा.

पाहणीच्या आधी वनखात्याला आणि महसूलला लेखी पत्र द्या, पोच घ्या. त्यांनी हजर राहून पंचनाम्यावर हुद्दा, तारीख टाकून सही करायची असते. आले नाहीत तरी पाहणी थांबवू नका, "पत्र दिले, हजर राहिले नाहीत" असं पंचनाम्यात लिहा. नंतर आम्ही नव्हतो म्हणून त्यांनी हरकत घेतली तर दावा परत ग्रामसभेकडं येतो, पुन्हा पाहणी लावायची, दुसऱ्यांदाही आले नाहीत तर पाहणीवरचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम. गावाचे वनाचे नि महसुलाचे नकाशे, मतदार यादी हे उपविभागीय समितीनं गावाला द्यायचं असतं, तुम्ही विकत आणायचं नसतं, लेखी मागा.

मग ठराव. त्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया, आणि ज्यांच्या दाव्यांवर ठराव होणार त्यातले किमान निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं. समजा पाड्याचे २०० मतदार आहेत तर १०० पाहिजेत आणि त्या १०० मध्ये ३४ बाया. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर, रेतीवर, भिवंडी-वसईला गेलेला असतो, तेव्हा सभा ठेवलीत की कोरम पडत नाही आणि वर जाऊन सगळे दावे याच एका कारणानं परत येतात. होळीला लोक येतातच येतात, तेव्हा ठेवा. हजेरीपटावर सही-अंगठे सभेतच घ्या, नंतर घरोघरी फिरून घेऊ नका. ठरावात प्रत्येक दावेदाराचं नाव, क्षेत्र, पुरावे वेगळे लिहा, "सर्व दावे मंजूर" असं एका ओळीत लिहिलेला ठराव टिकत नाही.

तिथून फाईल प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडं जाते आणि पुढं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं. दोन्ही समित्यांवर निवडून आलेले ३ सदस्य पण असतात, पंचायत समितीचे, जिल्हा परिषदेचे. त्यांना भेटा, ते बैठकीत तोंड उघडतील असं बघा, त्यातल्या बऱ्याच जणांना आपण समितीवर आहोत हे पण माहीत नसतं.

नामंजूर झालं तर. घाबरायचं नाही आणि गप्प पण बसायचं नाही. कारण लेखी मिळणं हा तुमचा हक्क आहे, नुसतं "पुरावा अपुरा" एवढं लिहून चालत नाही, काय अपुरं ते सांगावं लागतं, आणि तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय विरोधात निकाल देता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावावर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडं, तिच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं अपील. आपल्या राज्यात २०२० ला राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रासाठी आणखी एक पायरी दिलीय, जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं जाता येतं. कमी क्षेत्र मंजूर झालं तरी ते पण एक प्रकारे नामंजूरच समजा आणि अपील करा. कसतोय दोन एकर आणि पट्टा ११ गुंठ्यांचा, असे लोक ढीगभर आहेत. माझा काका याच्यासाठीच मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेला, ६ तारखेला निघाले आणि १२ ला आझाद मैदानात, शेवटच्या रात्री झोप न घेता चालले कारण सकाळी पोरांची दहावीची परीक्षा होती, रस्ते अडायला नको म्हणून. त्याच्या तळपायाची सालं निघालेली मी स्वतः पाहिलीत, त्यानं फोटो काढू दिला नाही.

आणि दावा चालू आहे तोवर कोणीही तुम्हाला जमिनीवरून उठवू शकत नाही, वनहक्क कायद्याचं कलम ४(५). फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं नामंजूर दावेदारांना काढायचा आदेश दिला होता तेव्हा पाड्यावर रडारड झाली होती, पण त्याच महिन्यात २८ तारखेला कोर्टानं स्वतःच त्याला स्थगिती दिली. कोणी जुना कागद दाखवून धमकावत असेल तर ही तारीख सांगा. कलम ४(५) ची एक प्रत प्लॉटवरच्या झोपडीत ठेवा, गार्ड आला की हातात द्या, वाद घालू नका, व्हिडिओ काढा.

आता फॉर्म सी बद्दल, कारण सगळे फॉर्म ए च्या मागं लागतात आणि हा राहून जातो. माझं मत विचाराल तर गावानं आधी हा भरावा. वैयक्तिक पट्ट्यानं एका घराची भाकरी सुटते, पण मोह, बांबू, तेंदू, हिरडा, मध, गुरांची चराई, राबाच्या डहाळ्या हे सगळं त्या मोठ्या जंगलात आहे जे दीडशे वर्षांपूर्वी राखीव म्हणून काढून घेतलं. कलम ३(१) मध्ये ते जंगल राखायचा, वाढवायचा आणि सांभाळायचा हक्क गावाला दिलाय, अभयारण्यातल्या गावांना पण. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंडांचं छोटं गाव, २००९ मध्ये त्यांना साधारण १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक पास वनखात्याच्या हातात. बांबू म्हणजे गवत की झाड यावर भांडण. गावानं माघार घेतली नाही आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या बांबूचा पास आपण लिहायचा. हे ऐकून आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना पटतच नव्हतं, दोनदा सांगायला लावलं.

फॉर्म सी साठी शेतजमिनीसारखं मोजायला जाऊ नका, गावाची पारंपरिक शीव चालायची. गुरं कुठवर जातात, मोह कुठवर वेचतो, शेजारच्या गावाशी शीव कुठं, कुठला ओढा, कुठला देव. शेजारच्या गावाला आधीच बोलवा, दोन्ही गावच्या समित्यांनी बसून शिवेचा कागद करा, भांडण नंतर वर गेलं की वर्षानुवर्षं सुटत नाही. ग्रामसभेच्या सदस्यांची यादी जोडायची, वनखात्याचे कक्ष क्रमांक (त्यांनी जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) टाकायचे, आणि देवांच्या जागा, स्मशान, पाणवठे सगळे नावानिशी लिहायचे. ही नावं गॅझेटमध्ये नाहीत, नकाशावर नाहीत, फक्त आमच्या आज्यांच्या तोंडात आहेत. आम्ही चाललो तेव्हा एका दिवसात ४० च्या वर नावं लिहिली, एकेका खडकाला नाव.

पट्टा आला की लगेच तपासा. नवराबायको दोघांची नावं आहेत का, नाव रेशनकार्डाप्रमाणं आहे का, क्षेत्र दावा केला तेवढं आहे का, कक्ष क्रमांक बरोबर आहे का, नकाशा जोडलाय का. मग तलाठ्याकडं नोंदीसाठी लेखी अर्ज करा, नियमानं महसूल आणि वनखात्यानं त्यांच्या रेकॉर्डला ही नोंद ३ महिन्यांच्या आत घ्यायची असते. नोंद झाली नाही तर पीककर्ज, विहिरीची योजना, नुकसानभरपाई, सगळीकडं अडतं.

आमचा पट्टा आला त्यात आजाचं नाव पुन्हा चुकीचंच लिहिलं होतं, पावतीवर होतं तसंच. दुरुस्तीचा अर्ज दिला, सोबत पावतीची झेरॉक्स जोडली, चार महिन्यांनी नाव सुधारून आलं. मूळ पट्टा आता त्याच पत्र्याच्या पेटीत आहे, डांबरगोळ्या टाकल्यात उंदरासाठी, आणि पावत्यांचं पुडकं त्याच्या खाली, सुतळीसकट.